छावणीत जन्माला आलेली लेकरं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहून दिले आहे.)



समितीने मला 'बौद्ध राष्ट्रे आणि शांतता' असा विषय दिला आहे. विषय चांगला आहे, पण मी तो जरा वळवून घेणार आहे. आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे. कितीतरी विहारांत थायलंडहून आलेली बुद्धमूर्ती असते. तिकडचे भिक्खू येतात, त्यांचे चीवर पाहून आपण हरखून जातो, आणि आपल्याला वाटते की त्या देशांत नुसती शांतीच नांदत असेल. म्हणून आज मी शेजारच्याच एका बौद्ध देशाची हकीकत सांगतो. कंबोडिया. आणि तीही राजे-पुढाऱ्यांची नाही, लेकरांची सांगतो. लढाईचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जातो, पण लढाईचे बिल पोरांच्या नावाने फाटते.

नकाशात थायलंड आणि व्हिएतनामच्या मधोमध हा देश आहे. अंगकोर वाट तिथलेच. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे जाऊन दुरुस्तीचे काम केले होते. भाताची शेती, नदीतले मासे, आणि प्रत्येक गावात विहार. गरिबाचा पोरगा शिकायचा तो विहारातच. काही दिवस श्रामणेर व्हायचे, लिहायला-वाचायला शिकायचे आणि पुन्हा घरी.

या देशाला कुणाच्या भांडणात पडायचे नव्हते. पण शेजारी व्हिएतनामचे युद्ध पेटलेले. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या विमानांनी कंबोडियावर पाच लाख टनांच्या आसपास बॉम्ब टाकले. गावेच्या गावे उठली आणि राजधानीकडे, नॉम पेन्हकडे पळाली. सहा-सात लाखांचे शहर वीस लाखांवर गेले. तेव्हा लक्षात घ्या, पुढची मोठी वाताहत होण्याआधीच हा देश निर्वासितांचा झालेला होता. आणि जंगलात बसलेल्या ख्मेर रूजला पोरे मिळाली ती ह्याच उठलेल्या गावांतून. ज्याचे घर जळाले त्याच्या हातात बंदूक द्यायला फार बोलावे लागत नाही.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने नॉम पेन्ह घेतले. त्याच दिवसापासून शहर रिकामे करायला सुरुवात झाली. दवाखान्यातले रोगीसुद्धा खाटेसकट रस्त्यावर आले. लोकांना सांगितले, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. तो पावणेचार वर्षांचा झाला. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, विहार बंद. हजारो भिक्खूंना चीवर उतरवायला लावले, कितीतरी मारले गेले, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. साधारण ऐंशी लाखांच्या देशात भूक, रोग, मेहनत आणि कत्तल यांनी पंधरा ते वीस लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि याचा म्होरक्या पोल पॉट, मूळ नाव सलोथ सर, हा स्वतः लहानपणी वर्षभर नॉम पेन्हच्या एका विहारात राहिलेला होता. म्हणून म्हणतो, विहारात पोरगं पाठवलं म्हणजे आपलं काम झालं असं समजू नका.

आता लेकरांचे ऐका. सात-आठ वर्षांच्या वरच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून पोरांच्या टोळ्या केल्या. कालवे खणायचे, शेण-खत वाहायचे, भात लावायचा. जेवण सगळ्यांचे एकत्र, म्हणजे काय तर पातळ पेज, जिच्यात तांदूळ मोजून घ्यावा. घरात चूल पेटवली तर गुन्हा. मुलांना शिकवले की तुमचे आईबाप आता 'अंगकार', आणि आईबाप रात्री काय बोलतात ते येऊन सांगा. 'अंगकार' म्हणजे त्यांच्या भाषेत संघटना. मी उभा जन्म युनियनमध्ये काढलेला माणूस, संघटना हा शब्द मी देवासारखा जपला. त्या शब्दाचे कुणी असे करावे याचा मला फार राग येतो.

मेलेल्यासाठी रडायचीही चोरी होती. रडला म्हणजे तू शत्रूचा. आपल्याकडे माणूस गेला की भन्तेंना बोलावतो, परित्राण होते, पुण्यानुमोदन होते, चार माणसे येऊन बसतात, त्यात निम्मे दुःख वाटले जाते. तिथे ना भिक्खू, ना विधी, ना गेल्याची तारीख. आजही कंबोडियातली कितीतरी घरे आपल्या माणसांचे पुण्यकर्म पचुम बेनच्या पंधरवड्यातच करतात, कारण कोण कुठल्या दिवशी गेला हे सांगायला कुणी उरलेले नाही.

अर्न चोर्न-पाँड नावाचे गृहस्थ आहेत, जगभर बोलतात, त्यांनी स्वतःची हकीकत अनेकदा सांगितली आहे. हे तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. बातंबांगजवळच्या एका विहारात, हो विहारातच, ख्मेर रूजची छावणी होती. तिथे पाच-सहा पोरांना एका म्हाताऱ्या कलावंताकडून घाईघाईने वाद्य शिकवले. क्रांतीची गाणी वाजवायची. बाजूला माणसे मारली जात होती आणि हे पोरगं बासरी वाजवत होतं. चांगली वाजवली म्हणून जगलं. पुढे त्याच पोराच्या हातात बंदूक देऊन व्हिएतनामी फौजेपुढे उभे केले. तिथून पळून जंगलात माकडांच्या मागे मागे फिरत, माकडे खातील ते खात, थायलंडच्या हद्दीपर्यंत पोचलं.

७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजेने पोल पॉटला हाकलले. मग माणसे मोकळी झाली ती आधी चालायलाच लागली. कुणी आपले गाव शोधत, कुणी पोरे शोधत, कुणी थायलंडकडे. थायलंडने तरी काय केले? जून १९७९ मध्ये चाळीस हजारांहून जास्त निर्वासितांना बसमध्ये भरून प्रेआ विहिअरच्या डोंगरकड्यावर नेले आणि बंदुकीच्या धाकाने खाली उतरवले. खाली भूसुरुंग. हजारो मेले. आईच्या कडेवर पोर, पोराच्या कडेवर धाकटं. 'विहिअर' म्हणजे आपला विहार हाच शब्द, बरं का. आणि ढकलणारे शिपाईही पंचशील म्हणणाऱ्या घरांतलेच.

जगभर ओरड झाल्यावर ऑक्टोबरात साकेओची छावणी उघडली आणि नोव्हेंबरात खाओ-इ-दांगची. या दुसऱ्या छावणीत काही महिन्यांत लाखावर माणसे बांबूच्या झोपड्यांत राहू लागली. तिथे एकटी आलेली मुले हा मोठा प्रश्न होता. त्यांचे फोटो फळ्यावर लावत, आईबाप येऊन एकेक चेहरा बघत. काही परदेशी मंडळींचे म्हणणे, या अनाथांना चांगल्या घरी अमेरिकेला, युरोपला पाठवा. दुसऱ्यांचे म्हणणे, थांबा, आई जिवंत असेल तर? मला हे दुसरे म्हणणे पटते. पोराचं भलं करायच्या घाईत त्याची आई हिशेबातून वजा करू नये.

सरहद्दीवरच्या पुढच्या छावण्या म्हणजे दुसरेच प्रकरण. तिथल्या माणसांना 'निर्वासित' हा शब्दही लावला नव्हता, 'विस्थापित' म्हणायचे. शब्दाचा खेळ वाटेल, पण निर्वासिताला दुसऱ्या देशात जायचा अर्ज करता येतो, विस्थापिताला नाही. १९८५ नंतर साइट टू ही सर्वांत मोठी छावणी झाली, दीड लाखाच्या घरात माणसे. भोवती तारेचे कुंपण. बाहेर शेती करता येत नाही, नोकरी नाही, पाणीसुद्धा टँकरने येणार. संध्याकाळी परदेशी मदतवाले निघून जायचे, आणि रात्री छावणी बंदूकवाल्यांची. कारण या छावण्या तीन लढाऊ गटांनी वाटून घेतल्या होत्या, त्यात ख्मेर रूजचाही वाटा. पलीकडून तोफा यायच्या. पोरे शाळेत पाटीबरोबर खंदकात उडी मारायलाही शिकायची.

तांदूळ वाटताना तो सैनिकांच्या पोटात जाऊ नये म्हणून राष्ट्रसंघाच्या लोकांनी एक युक्ती काढली. रेशन फक्त बायांच्या आणि थोड्या मोठ्या मुलींच्या हातात द्यायचे. युक्ती चांगली, पण ज्या घरात सगळे मुलगेच, त्या घराची पंचाईत. मुलगी झाली म्हणून तोंड वाकडे करणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे. तिथे मुलगी म्हणजे पोतंभर तांदळाची हक्कदार होती.

पुरुषांना काम नव्हते. आमच्या वडिलांच्या पिढीने १९८२ चा संप पाहिला. रिकामा बसलेला माणूस घरात काय करतो, हे गिरणगावातल्या बायांना विचारा. साइट टूमध्ये तेच, पण दहापट. दारू, जुगार, बायकोला मार, आणि पोराच्या नजरेतून उतरलेला बाप. ज्या बापाला पोराने कधी नांगर धरताना पाहिलेलं नाही, फक्त रांगेत उभं राहिलेलं पाहिलंय, त्याचा मान पोराने कशाच्या जोरावर ठेवायचा? छावण्यांतली निम्म्याच्या आसपास वस्ती पंधरा वर्षांच्या आतली. कितीतरी तिथेच जन्मलेली. त्यांना भात कुठून येतो विचारले तर ट्रकमधून येतो म्हणायची. भाताच्या देशाची पोरे! बरीच वर्षे प्राथमिकच्या पुढे शिकवायलाही थायलंड सरकारची परवानगी नव्हती. शिकली तर इथेच राहतील ही भीती. रिथी पान्ह हा आज मोठा चित्रपट दिग्दर्शक आहे. तो स्वतः पोरवयात थायलंडच्या छावणीत होता, आणि १९८९ साली त्याने पहिला बोलपट केला तो साइट टूमधल्या एका कुटुंबावरच.

आता भिक्खू महाघोसानंदांविषयी. यांचे नाव आपल्या मुलांना माहीत पाहिजे. हे कंबोडियाचे, शिक्षणासाठी भारतात आले, नालंदेला राहून पाली शिकले. नंतर थायलंडच्या जंगलातल्या एका विहारात ध्यान करत होते, तेवढ्यात देशात ही वाताहत झाली. त्यांचे सगळे घरदार मारले गेले. छावण्या उघडल्याबरोबर ते साकेओला गेले. हातात काय, तर करणीयमेत्त सुत्ताच्या छापलेल्या चिठ्ठ्या. दिसेल त्याला एकेक द्यायचे. बांबूचा एक मंडप उभारून तेच विहार म्हणायचे. साकेओत ख्मेर रूजचा दरारा होता, जो जाईल त्याला बघून घेऊ अशी धमकी होती. तरी हजारो माणसे आली. चार वर्षांत कुणी पिवळे चीवर पाहिले नव्हते. त्यांनी धम्मपदातली वैराविषयीची गाथा म्हटली, आधी पालीत, मग ख्मेर भाषेत, पुन्हा पुन्हा. माणसे मोठ्याने रडायला लागली. ज्या रडण्याला बंदी होती ते रडणे. मी वाचलेल्या सगळ्यात ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. डॉक्टर, तांदूळ, ताडपत्री हे सगळे पाहिजेच, त्याशिवाय माणूस जगत नाही. पण जगलेल्या माणसाला रडायलाही एक जागा लागते.

इकडे देशात सप्टेंबर १९७९ मध्ये व्हिएतनामहून आलेल्या भिक्खूंच्या हस्ते सात जणांना पुन्हा उपसंपदा दिली गेली. सात! हजारोंच्या संघाचे सात उरले. त्यातही नव्या सरकारने पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला भिक्खू होऊ दिले नाही, ते १९८८ पर्यंत. म्हणजे गरिबाच्या पोराची ती जुनी शाळा दहा वर्षे बंदच.

पॅरिसचा करार १९९१ ला झाला. ३० मार्च १९९२ ला घरी परतणाऱ्यांचा पहिला ताफा निघाला आणि वर्षभरात साडेतीन लाखांवर माणसे परत आणली. आधी सांगितले की प्रत्येक घराला जमीन देऊ. मग लक्षात आले, जमीन आहे कुठे? असलेल्या जमिनीत सुरुंग. मग बहुतेकांनी रोख रक्कम घेतली, मोठ्या माणसाला ५० डॉलर आणि मुलाला २५, वर काही महिन्यांचा तांदूळ. दहा-बारा वर्षे तारेत काढल्याचा हा हिशेब! त्याच वर्षी महाघोसानंदांनी 'धम्मयात्रा' काढली. छावणीतल्या माणसांना घेऊन सरहद्दीपासून नॉम पेन्हपर्यंत पायी, महिनाभर. वाटेत गावोगाव लोक पाण्याचे हंडे घेऊन उभे. कितीतरी जणांना चालताचालता वाटेत आपले भाऊबंद भेटले, जे मेले म्हणून समजत होते. १९९४ च्या यात्रेवर गोळीबारात सापडून एक भिक्खू व एक साध्वी गेल्या. तरी पुढच्या वर्षी यात्रा निघालीच. सुरुंग मात्र करार मानत नाहीत. १९७९ पासून सुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बनी त्या देशात २०,००० च्या आसपास माणसे मारली आणि ४५,००० वर जखमी केली. गुरे वळणारी पोरे, लोखंडाचा तुकडा भंगारात विकायला उचलणारी पोरे.

जे परत गेले नाहीत त्यांचेही सांगतो. दीड लाखांच्या आसपास माणसे अमेरिकेत गेली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच गावात ४९० मोठ्या माणसांची पाहणी झाली, ती २००५ साली छापून आली. तिकडे जाऊन वीस वर्षे झालेली, पोटाला पोटभर, तरी शंभरात ६२ जणांना त्या दिवसांची भीती, दचकून उठणे, ती चित्रे डोळ्यांपुढे येणे, हे सगळे चालूच. त्याच गावात शंभराहून जास्त कंबोडियन बायांना दिसेनासे झाले होते. डॉक्टरांनी तपासले तर डोळ्यांत दोष नाही. डोळ्यांनी जे बघितले, त्यानंतर डोळ्यांनीच नकार दिला. ओरेगनमध्ये १९८६ साली ४० शाळकरी मुलांचा अभ्यास झाला, त्यात निम्म्या मुलांना हाच त्रास. पण त्यात एक गोष्ट दिसली. जी मुले आपल्या घरच्या एखाद्या तरी माणसाजवळ राहत होती, मग मावशी असो की थोरला भाऊ, त्यांचे बरे चालले होते. परक्याच्या चांगल्या घरात एकटी राहिलेली जास्त खचलेली. माझ्या मते अनाथाश्रमाला देणगी देणाऱ्याने आधी विचारावे, या पोराची आजी आहे का हो कुठे?

गिरणी कामगार म्हणून मला लोवेल या गावाचे विशेष वाटते. मॅसेच्युसेट्समधले हे अमेरिकेचे गिरणगाव. १८२० च्या दशकात तिथे कापडाच्या मोठ्या गिरण्या सुरू झाल्या, शेतकऱ्यांच्या मुली साच्यावर कामाला यायच्या. आपल्यासारख्याच त्या गिरण्याही बंद पडल्या. खोल्या स्वस्त झाल्या, आणि १९८० नंतर त्या खोल्यांत कंबोडियन कुटुंबे भरली. घरात पोरांनाच इंग्रजी येणार. मग घरमालकाशी, दवाखान्यात, सरकारी कचेरीत बोलायला आठ-दहा वर्षांचे पोर पुढे. आईच्या पोटातल्या दुखण्याचेही भाषांतर पोराने करायचे. बाप पोराचा हात धरून जातो, पोर बापाचा नाही. त्यातून बापाचा धाक गेला आणि रस्त्यावरच्या टोळ्यांचा आला. शाळेत जागा देण्यावरून गोऱ्या पालकांनी काहूर उठवले. १९८७ साली तेरा वर्षांच्या एका कंबोडियन मुलाला तिथल्याच एका अकरा वर्षांच्या पोराने कालव्यात ढकलले, तो बुडून मेला. अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे कुठून आले? घरातल्या जेवणाच्या टेबलावरून आले.

त्याच लोवेलमध्ये अर्न चोर्न-पाँड यांनी टोळीतल्या पोरांत काम केले. पुढे कंबोडियात जाऊन त्यांनी आपला बासरीचा जुना गुरू शोधून काढला, आणि १९९८ पासून उरलेल्या कलावंतांकडून मुलांना वाद्ये शिकवायचे काम सुरू केले. जानेवारी २०२२ मध्ये याच गावाचे महापौर झाले सोखारी चाऊ. त्यांच्या वडिलांना ख्मेर रूजने मारले होते, आईने सात लेकरे घेऊन थायलंड गाठले होते.

पण सगळ्यांचे असे होत नाही. २००२ साली अमेरिकेने कंबोडियाशी समझोता केला, की ज्यांना नागरिकत्व नाही आणि ज्यांच्या हातून गुन्हा घडला त्यांना परत पाठवू. शिक्षा भोगून झाली तरी पाठवू. मग थायलंडच्या छावणीत जन्मलेली, दुधपित्या वयात अमेरिकेला नेलेली, बायकामुले असलेली माणसे नॉम पेन्हच्या विमानतळावर उतरवली. ज्या देशाची भूमी जन्मात पाहिली नाही, ज्याची लिपी वाचता येत नाही, तो म्हणे तुमचा देश! मागे अमेरिकेत त्यांची पोरे. म्हणजे तिसऱ्या पिढीची ताटातूट.

मला कुणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया पुन्हा लढले. पाच दिवस तोफा, रॉकेट, विमाने. कशावरून, तर डोंगरावरच्या जुन्या देवळांच्या हद्दीवरून, तोच प्रेआ विहिअरचा मुलूख. दोन्हीकडची लाखो माणसे घर सोडून निघाली. २८ जुलैला मलेशियात युद्धबंदी झाली, आणि डिसेंबरात पुन्हा पेटले. कंबोडियाच्या बाजूला माणसे आसऱ्याला गेली ती बऱ्याच ठिकाणी विहारांच्या आवारातच. ताडपत्री, चटई, भाताचे पातेले आणि झाडाला बांधलेल्या झोळीत पोर. १९७९ ला सात वर्षांचे असलेले मूल आता पन्नाशीच्या पुढे आहे, बहुधा आजी किंवा आजोबा. त्या झोळ्या हलवणाऱ्यांत ते असणारच.

माझी वेळ संपली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. आता भन्ते करणीयमेत्त सुत्त घेणार आहेत. साकेओच्या छावणीत वाटलेल्या चिठ्ठीवर हेच सुत्त होते. पुढच्या बाळांनो, पाठ असेल त्यांनी मोठ्याने म्हणा, नसेल त्यांनी शेजारच्याच्या वहीत बघा.

जयभीम, नमो बुद्धाय.